कुलपातला डोंगा

१९ एप्रिल. आज कूलर काढायचा होता. ढाणकीत अर्धा एप्रिल गेला तरी ज्याचा कूलर निघत नाही, तो एकतर एसीवाला असतो नाहीतर आळशी. मी दोन्ही नाही. माझं मेडिकलचं दुकान आहे, मागे राहायच्या दोन खोल्या आहेत, आणि यंदा दुकानातली कपाटं बदलायचं काम निघालं म्हणून उशीर झाला. बाजूच्या तीन पायऱ्या चढून घरमालकांचं घर आहे. त्याला सध्या कुलूप आहे. कुलूप असणं ही त्या घराची जुनीच सवय आहे, पण पूर्वी आत माणूस असायचा.

आमच्याकडे पावसाळा लागला की कूलर हा कूलर राहत नाही. त्याच्यावर चादर पडते आणि तो टेबल होतो. माझ्या कूलरवर हिवाळ्यापासून एक काचेची पेटी ठेवलेली होती. पेटीत सागवानी डोंगा. पैनगंगेत मासे धरायला भोई लोक वापरायचे ती चपट्या तळाची, फळ्याफळ्यांची नाव, तिची हुबेहूब छोटी प्रतिकृती, एका फुटाला एक इंच या हिशेबानं. शेजारी एक गंजलेला टेप. पेटीला समोरून पितळी कुलूप.

कूलर ओढायचा तर पेटी उचलणं भाग होतं. उचलली तर आत खडखड वाजलं. मला वाटलं टेप. बघते तर टेप जागच्या जागी, आणि डोंग्याच्या तळाची एक फळी सुटून हलत होती. सांध्यांतून पलीकडचा उजेड दिसत होता. हे सगळं बघून घरमालक काय म्हणाले असते ते मला माहीत आहे. ते म्हणाले असते, "मॅडम, फट किती आहे? अंदाज नको, माप सांगा."

घरमालक मोजणी खात्यातून निवृत्त झाले होते. म्हणजे खात्यानं त्यांना निवृत्त केलं होतं. लोक शर्टाच्या खिशाला पेन लावतात, हे स्टीलचा टेप लावायचे. गावात सगळे त्यांना मोजणीसाहेब म्हणत. तोंडावर आदरानं, आणि पाठीमागे जरा जास्तच आदरानं.

मी जागा भाड्यानं घेतली त्या दिवशी त्यांनी आधी माझा बोर्ड मोजला.

"मॅडम, सदर बोर्ड आपल्या हद्दीबाहेर दोन बोटं जातो आहे."

"साहेब, पलीकडची भिंतही तुमचीच आहे."

"म्हणून काय झालं? हद्द ती हद्द."

बोर्ड दोन बोटं सरकवला. तेव्हापासून पाऊस नेमका त्या दोन बोटांतून दुकानात येतो.

एकदा साहेब गल्लीतल्या मयताला गेले, तर तिथे तिरडी बांधणाऱ्यांचे हात थांबवून दोन्ही बांबू मोजले. एक वीतभर लांब निघाला. मग करवत आणवली. रडणाऱ्या बायका रडणं सोडून बघत राहिल्या. पुढे कितीतरी दिवस त्या घरचा मुलगा सांगत फिरायचा, "आमच्या बुढ्याची तिरडी अख्ख्या ढाणकीत सगळ्यात सरळ गेली." असल्या लोकांमुळेच असल्या माणसांना जोर चढतो.

त्यांची दोन वचनं होती. पहिलं: "अंदाजानं संसार होतो मॅडम, काम होत नाही." त्यांचा संसार कसा झाला हे विचारायला त्यांची बायको हयात नव्हती, आणि एकुलता मुलगा पुण्याला कॉम्प्युटरमध्ये होता, तो फोनवर "हो बाबा" एवढंच बोलायचा. दुसरं वचन: "वस्तू टिकवायची असेल तर ती कुलपात ठेवावी." त्यामुळे सायकलच्या पंपाला साखळी, छत्रीला पेटी, रिमोटला डबा, आणि सगळ्यांना कुलूप. किल्ल्या कमरेच्या करदोड्याला बांधलेल्या. साहेब चालले की पोळ्याला सजवलेला बैल गल्लीतून निघाल्यासारखा आवाज यायचा. चोरांची मोठी सोय होती. साहेब कुठे आहेत हे त्यांना कळायचं. पण चोर आले नाहीत. सायकलचा पंप चोरायला कोण येतो?

या माणसाला जगात एकाच माणसाची भीती होती, ती म्हणजे त्यांची थोरली बहीण अक्का.

अक्का फुलसावंगीला लेकीकडे राहते. जातीची भोई, हाडापेरानं मोठी, आवाज नदीच्या या काठावरून त्या काठावर जाईल असा. पिकल्या केसांच्या, पेन्शन खाणाऱ्या भावाला ती भर रस्त्यात "लहान्या" म्हणून हाक मारायची, आणि आख्खं मोजणी खातं जागच्या जागी उभं राहायचं.

दर भाऊबीजेला अक्का काळीपिवळी जीपनं यायची. पण त्या तीन पायऱ्या चढायची नाही. माझ्या दुकानासमोर बाक आहे, त्यावर बसायची. तिथेच भावाला पाटावर बसवून ओवाळायची. पिशवीत स्वतःची पाण्याची बाटली असायची, फडक्यात भाकर आणि सुक्या मासोळ्यांची चटणी असायची. ती खायची, बाटलीतलं पाणी प्यायची, आणि बाटली संपली तर माझ्याकडे मागायची. भावाच्या घरचा थेंबही नाही. भाऊ पायरीवर तांब्या घेऊन उभा. दर वर्षी. मी गिऱ्हाइकाला खोकल्याचं औषध देता देता हे बघायची. माझा बाक म्हणजे त्या दोघांच्या मधली ना याची ना त्याची जमीन होती, आणि तिचं भाडं मात्र मी भरत होते.

पहिल्या वर्षी मी न राहवून विचारलं, "अक्का, सख्ख्या भावाकडचं पाणी काहून नाही पीत?"

"त्यालेच इचार ना, पोरी."

साहेब लगेच आत गेले. मग तिनंच सांगितलं. त्यांचा बाप गेला तेव्हा मागे एक डोंगा राहिला. अक्का तरणीताठी विधवा होऊन माहेरी आली होती. ती बापासारखी डोंगा घेऊन जाळं टाकायची, बाजारात मासे विकायची, पदरची लेक त्यावर वाढत होती. उन्हाळ्यात नदी आटली की भोई डोंगा दगड भरून डोहात बुडवून ठेवतात. बुडवला म्हणजे टिकतो. लाकूड पाणी पिऊन फुगतं, सांधे घट्ट राहतात. उन्हात राहिला तर फळ्या आकसतात आणि डोंगा मरतो. हे नदीकाठच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

साहेबांनाही माहीत होतं. पण ते नुकतेच सरकारी नोकरीला लागले होते, आणि कुणीतरी त्यांना सांगितलं की डोहातला डोंगा लोक खिळ्यांसाठी फोडून नेतात. झालं. रजा काढून आले, बैल लावून डोंगा बाहेर काढला, टिनाच्या कोठ्यात, म्हणजे गुरांच्या गोठ्यात ठेवला, कुलूप घातलं आणि किल्ली घेऊन कामाच्या गावी निघून गेले. अक्का तेव्हा नणंदेच्या बाळंतपणाला गेली होती. परत येऊन बघते तर दाराला कुलूप, आत टिनाखाली तापणारा डोंगा. पावसाला साहेब आले, कुलूप उघडलं. डोंग्याच्या तळातून जमीन दिसत होती.

"तो हंगाम गेला माहा. मंग दुसऱ्याच्या मासोळ्या डोक्यावर घेऊन इकल्या," अक्का म्हणाली. आवाजात रड वगैरे काही नव्हती; दर सांगावा तशी सांगत होती. "ज्यानं माह्या डोंग्याले पाणी देलं नाही, त्याच्या घरचं पाणी मी कायले पिऊ?"

आता साधा माणूस असता तर उठून बहिणीकडे गेला असता, पाय धरले असते, दोन शिव्या खाल्ल्या असत्या आणि जेवून आला असता. पण साहेब साधे नव्हते, ते अचूक होते. नोकरीत असेपर्यंत त्यांनी विषय फायलीत ठेवला. निवृत्त झाले आणि ठरवलं की बापाचा डोंगा जसाच्या तसा, मापात, पुन्हा बनवायचा. अक्कानं तो बघून "हाच आपला डोंगा" म्हणायचं आणि पाणी प्यायचं. खरा अठरा फुटी डोंगा कुठे ठेवणार, म्हणून छोटा. छोट्याला कुलूपही छोटं लागतं, हा आणखी एक फायदा.

माझ्या दुकानाच्या मागच्या बोळात त्यांचा कारखाना सुरू झाला. सागवान समोरच्या फर्निचरवाल्या चाचांकडून यायचं. बाकी सगळं माझ्याकडून. दोन फळ्यांच्या सांध्यात कापूस ठासून वर डांबर फिरवतात, तर साहेबांना कापूस हवा. सगळा जिल्हा कापसानं भरलेला, शेतात कापूस, गाडीत कापूस, पोरांच्या केसांत कापूस. हे माझ्याकडून जखमेला लावायचा निर्जंतुक कापूस न्यायचे.

"साहेब, डोंग्याला इन्फेक्शन होत नाही."

"गावठी कापसात कचरा असतो मॅडम. सांधा नीट बसत नाही."

मग कापूस ठासायला चिमटा. फळी तासायला ऑपरेशनचं ब्लेड. डांबर बारीक रेषेत सोडायला इंजेक्शनची सिरिंज, जाड सुईची. भुसा नाकात जातो म्हणून मास्क. एके दिवशी चाचा दुकानात डोकेदुखीची गोळी घ्यायला आले, बोळात डोकावले, आणि मास्क लावून, हातात सिरिंज घेऊन वाकलेले साहेब बघून मला हळूच म्हणाले, "मॅडम, ये डोंगा है के पेशंट?"

"आयसीयूमध्ये आहे चाचा. भेटायची वेळ संध्याकाळी."

साहेबांनी ऐकलं. "हसा," म्हणाले. "पुढच्या भाऊबीजेला बघा."

पुढच्या भाऊबीजेला बघितलं. साहेबांनी डोंगा टॉवेलवर ठेवून बाकापाशी आणला. अक्कानं ओवाळणीचं ताट बाजूला ठेवलं, चष्मा पुसला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "हे तं चप्पल हाय."

त्याच्या पुढच्या वर्षी दुसरा. "ह्याच्यात लेकरू झोपंल. पाळण्यासारखं दिसून राह्यलं."

तिसऱ्याच्या वेळी पुढच्या टोकावरून वाजलं. अक्काचं म्हणणं, बापाच्या डोंग्याचं टोक उंच होतं. साहेबांचं म्हणणं, गेल्या वर्षी तीच म्हणाली होती की टोक बसकं होतं.

"मी कवा म्हटलं?"

"याच बाकावर. मॅडम साक्षीदार आहेत."

मला खोकल्याचं औषध द्यायचं होतं, मी कुणाची साक्षीदार नव्हते. पण खरं सांगायचं तर साहेब बरोबर होते. अक्कानं गेल्या वर्षी बसकंच म्हटलं होतं. तिला टोकाचं काही पडलं नव्हतं. भाऊ दर वर्षी लाकडाचा तुकडा घेऊन समोर उभा राहतो आणि ती नाही म्हणते, यात तिचा काहीतरी हिशेब फिटत असावा. चाचांचं मत असं पडलं की "दोनों भाई-बहन एकही लकडी के हैं, सागवान. न सडते, न मुडते."

साहेब मात्र वाळत चालले होते. जेवण डब्याचं, तेही अर्धं परत. बीपीच्या गोळ्या माझ्याकडून न्यायचे आणि घ्यायला विसरायचे. गोळ्याही कुलपातच राहायच्या. एकदा मी रागावले तर टेप मिटवत म्हणाले, "मॅडम, मी आधी गेलो तर ती माझ्या तेराव्यालाही बाटली घेऊनच येईल." आणि मग घाईघाईनं, जणू कुणी ऐकेल म्हणून, "सदर बाब आपल्यापुरती ठेवा."

चौथा डोंगा भाऊबीजेपर्यंत थांबला नाही. उन्हाळ्यात पुरा झाला. खरंच सुरेख झाला होता. मी लाकडातलं काही समजत नाही, पण औषधाच्या बाटलीचं बूच नीट बसलंय की नाही ते मला कळतं, आणि या डोंग्याच्या फळ्या तशा बसल्या होत्या. वर चाचांकडून चकचकीत पॉलिश. काचेची पेटी. पेटीला पितळी कुलूप. अक्का बाजाराच्या दिवशी बीपीच्या गोळ्या न्यायला आली तेव्हा साहेबांनी ती पेटीच उचलून बाकावर तिच्याशेजारी ठेवली आणि स्वतः हात बांधून उभे राहिले. चाचा दुकान सोडून रस्ता ओलांडून आले. मी गिऱ्हाइकाला थांबवलं.

अक्कानं डोंग्याकडे बघितलंच नाही. तिनं कुलपाला बोट लावलं.

"आताबी कुलूप?"

साहेबांचा चेहरा मी पुष्कळदा बघितला आहे, बहुतेक वेळा माझ्या बोर्डावर रोखलेला. पण तसा कधी बघितला नव्हता. ते किल्ली शोधायला लागले. किल्ल्या करदोड्याला, करदोडा पॅंटच्या आत, शर्ट खोचलेला, समोर बहीण, बाजूला मी आणि एक गिऱ्हाईक बाई. शेवटी भिंतीकडे तोंड करून शर्ट उपसला आणि किल्ली निवडायला लागले. सगळ्या किल्ल्या सारख्या दिसत होत्या. चाचांनी आकाशाकडे बघितलं.

कुलूप उघडलं.

"पाण्यात टाकलता का?" अक्कानं विचारलं.

"पॉलिश आहे अक्का. खराब होईल."

अक्का उठली. पिशवी खांद्याला लावली. "मंग हा डोंगा नोहे. पेटी हाय. एका पेटीत दुसरी पेटी ठेवली तुवा." आणि ती चालायला लागली.

आणि मग साहेबांनी अशी गोष्ट केली जी मी त्यांच्याकडून कधीच अपेक्षिली नव्हती. त्यांनी मोजल्याशिवाय काहीतरी केलं. डोंगा उचलला, माझ्या दुकानातून आरपार मागच्या अंगणात गेले, तिथे माझा कूलर घरघरत होता, त्याची बाजूची जाळी ओढून काढली आणि डोंगा टाकीतल्या पाण्यावर ठेवला.

मी धावत जाऊन आधी बटण बंद केलं. लोखंडी कूलर, चालू पंप, ओले हात. करंट लागला असता तर बहिणीनं तेराव्याला बाटली आणली असती आणि पंचनाम्याला मला बोलावलं असतं. तेवढं माझ्या डोक्यात आलं. बाकी कुणाच्या डोक्यात काही नव्हतं. अक्का मागे वळून आली होती. चाचा, गिऱ्हाईक बाई, सगळे अंगणात.

डोंगा जरा वेळ दिमाखात तरंगला. साहेबांची छाती थोडी वर आली. मग तळाच्या सांध्यांतून पाणी आत यायला लागलं. आधी रेष, मग ओघळ. ऑपरेशनचं ब्लेड, निर्जंतुक कापूस, सिरिंजमधलं डांबर, सगळं धरून डोंगा शांतपणे भरत गेला आणि काठोकाठ भरून पाण्याशी सपाट झाला. उन्हाळ्यात, आमच्या उन्हाळ्यात बनवलेला डोंगा, एकदाही पाणी न पाहिलेला. दुसरं काय होणार होतं?

साहेब टाकीत बघत राहिले. खाली मान घालून म्हणाले, "बुडला." आणि मग बऱ्याच वर्षांचं सरकारी मराठी टाकून, "बुडला व अक्के. हाबी मेला माह्या हातून."

"मरते कायले?" अक्का म्हणाली. "पाणी पिऊन राह्यला तो. वजन ठेव त्याच्यात, नाही तं वर येईन अन् पुन्हा वाळंल."

साहेबांनी इकडेतिकडे बघितलं. माझ्या अंगणात दगड नाही; मी ठेवू देत नाही, विंचू निघतात. मग त्यांनी खिशातला टेप काढला. क्षणभर हातात धरला. आणि डोंग्याच्या मधोमध ठेवला. डोंगा हळूहळू खाली गेला आणि टाकीच्या तळाला बसला. सांध्यांतून बुडबुडे येत राहिले.

अक्का वाकून ते बुडबुडे बघत होती. बघून झाल्यावर तिनं पदरानं चष्मा पुसला.

"तान लागली," म्हणाली. "लहान्या, पाणी आण."

मी माझ्या माठाकडे वळले, कारण इतक्या वर्षांची सवय. तिनं मला हातानं थांबवलं. "तुह्या घरचं नाही, पोरी."

साहेब पळाले. खरंच पळाले, किल्ल्या वाजवत. पण पाणी घेऊन ते बाहेर निघाले तोवर अक्का त्या तीन पायऱ्या चढून वर पोचली होती, आणि त्यांची दारातच टक्कर झाली, अर्धा तांब्या तिच्या लुगड्यावर. उरलेला तिनं उभ्यानं प्यायला. मी हे खालून बघितलं. चाचांनीही बघितलं आणि मग त्यांना एकदम आठवलं की दुकान उघडं टाकून आलो आहोत.

समेट झाला म्हणून पाव तासानं मी चहा घेऊन वर गेले. आत मोठमोठ्यानं भांडण चाललं होतं. विषय: डोंग्याचं पुढचं टोक.

त्या दिवसापासून भाऊबीज वर व्हायला लागली आणि माझ्या बाकाची बढती होऊन त्यावर साधी गिऱ्हाइकं बसायला लागली. डोंगा तो सगळा उन्हाळा माझ्या कूलरच्या टाकीत बुडालेला राहिला. पॉलिश गेलं. फळ्या फुगल्या, सांधे मिटले, आणि पावसाला वर काढून बादलीत सोडला तर थेंब आत आला नाही. टेप गंजून गेला होता, उघडत नव्हता. साहेबांनी नवा घेतला.

एवढ्यावर माणूस शहाणा झाला असं कुणाला वाटत असेल तर त्याला मोजणी खातं माहीत नाही. साहेबांनी तो डोंगा पुसला, वाळवला, गंजका टेप शेजारी ठेवला, आणि पुन्हा पेटीत घालून कुलूप लावलं. मग दर एप्रिलला अक्काचा फोन यायचा. भावाला नाही, मला. "पोरी, बुडवला का त्यानं?" मी वर जाऊन विचारायची. ते म्हणायचे, बघू, ऊन अजून तेवढं नाही. फोन पुन्हा यायचा. शेवटी एका सकाळी तोंड कडू करून ते खाली यायचे, कुलूप काढायचे, डोंगा माझ्या टाकीत ठेवायचे, त्यात टेप ठेवायचे, आणि बुडबुडे संपेपर्यंत दवाखान्याबाहेर बसलेल्या नातेवाइकासारखे कूलरपाशी बसायचे. माझ्या दुकानात उन्हाळाभर जी हवा यायची तिला सागवानाचा आणि डांबराचा वास असायचा. गिऱ्हाइकांना वाटायचं, मी कूलरमध्ये औषध टाकते.

गेल्या हिवाळ्यात ते झोपेत गेले. तिरडी बांधली तेव्हा एक बांबू वीतभर लांब होता. मी बघितलं. बोलले नाही. करदोडा तोडला, तो कुणाच्या तरी शहाणपणानं किल्ल्यांच्या जुडग्यासकट अस्थींच्या गाठोड्यात गेला आणि तिथून पैनगंगेत. वस्तू पाण्यात ठेवण्याची त्यांची ही एकच स्वखुशीची वेळ, तीही स्वतःच्या हातानं नव्हे. मुलाचे पुण्याला परतण्याआधीचे सगळे दिवस कुलपं तोडण्यात गेले. जाताना पेटी माझ्याकडे देऊन म्हणाला, "आंटी, ही तुम्हीच ठेवा. फ्लाइटमध्ये नेता येत नाही." तेराव्याला अक्का आली होती. बाटली आणली नव्हती. भावाच्या घरात बसून भावाच्या माठातलं पाणी प्याली, तिसऱ्या पायरीवर थोडा वेळ थांबली आणि गेली.

तर आज, एकोणीस एप्रिल. कूलरची जुनी गवताची ताटी काढून टाकली, टाकी घासली, पंपात अडकलेला गाळ काढला. पेटी बाकावर ठेवली होती. दिवसभर माझं लक्ष फोनकडे होतं हे मी कबूल करणार नाही, पण होतं. संध्याकाळी फोन आला.

"पोरी, माह्या गोळ्या संपल्या. लेकीचा पोरगा येईन घ्यायले."

"देते. अक्का, उद्या कूलर लावते."

"लाव ना. ऊन लय हाय." आणि थांबली. मी वाट बघितली. ती विचारायची तो प्रश्न तिनं विचारला नाही. ज्याला बुडवायला सांगायचं तो राहिला नव्हता, आणि मी त्यांची कोण? दुकानवाली. "बरं, ठेवतो," म्हणाली आणि फोन ठेवला.

मी भोयीण नाही. माझ्या कूलरमध्ये लाकूड सडलं तर पंप माझा जातो. शिवाय पेटीला कुलूप, आणि किल्ली नदीत. हे सगळं मी रात्री जेवताना नीट विचार करून ठरवलं.

२० एप्रिल. सकाळी उठून मी स्क्रू-ड्रायव्हर घेतला. कुलपाला हातही लावला नाही. आयुष्यभर कुलपावर भरवसा ठेवणाऱ्या माणसानं पेटीच्या बिजागऱ्यांचे स्क्रू बाहेरून बसवले होते. दार आख्खं निघालं, कुलपासकट. टाकीत पाणी भरलं. डोंगा ठेवला, भरू दिला, गंजका टेप मधोमध ठेवला आणि तो तळाशी बसेपर्यंत हात पाण्यातच ठेवला. मग फुलसावंगीला फोन लावला.

"अक्का, बुडवला."

पलीकडे तिनं आधी टीव्ही बंद करायला लावला.

"बुडबुडे येऊन राह्यले का?"

मी वाकून बघितलं. "येत आहेत."

"येऊ दे," ती म्हणाली. "अन् पोरी, बापाच्या डोंग्याचं टोक बसकंच व्हतं. त्याच्यापाशी कबूल केलं नाही मी."

मी जाळी लावली, बटण दाबलं आणि जाऊन दुकानाचं शटर उघडलं.